यात्रासंघाची शिदोरी : खानदेशातील एक विस्मृत शास्त्र

तीर्थयात्रेचा इतिहास आपल्याकडे बहुधा शिलालेखांतून आणि प्रशस्तींतून लिहिला गेला. संघ कोणी काढला, कोणत्या आचार्यांची निश्रा लाभली, तीर्थमाळ कोणाच्या गळ्यात पडली, याच्या नोंदी शतकानुशतके जपल्या गेल्या. परंतु संघातील शेकडो माणसे वाटेत जेवली काय, ते अन्न आठ-दहा दिवस टिकले कसे, आणि टिकवताना धर्माची मर्यादा कशी सांभाळली गेली, हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवले. सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या दुर्लक्षित विषयाचा परामर्श घेणे अनुचित ठरणार नाही. कारण संघ पायावर चालत असला, तरी तो पोहोचतो शिदोरीवर.

शिदोरी बिघडली तर काय होते याचे एक जुने उदाहरण जैन वाङ्मयातच नमूद आहे. कविवर बनारसीदास यांनी सन १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात हिरानंद मुकीम यांनी संवत १६६१ मध्ये (सन १६०४) प्रयागहून श्री सम्मेदशिखरजीचा संघ काढल्याचा वृत्तान्त येतो. बनारसीदासांचे पिता खरगसेन त्या संघात गेले होते. यात्रा पार पडली. परंतु परतीच्या प्रवासात संघाला पाणी बाधले, कित्येक यात्रेकरू आजारी पडले, काही मरण पावले आणि स्वतः खरगसेनही पोटाच्या विकाराने खंगून घरी आले. संपन्न जवाहिऱ्याने काढलेला, साधनसामग्रीने परिपूर्ण असा तो संघ होता. तरीही अन्नपाण्याने दगा दिला आणि संघ वाटेतच विखुरला. यात्रेतील आहारनियमांकडे केवळ कर्मकांड म्हणून पाहणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात घ्यावा.

पिंप्राळा हे आज जळगाव महानगराचेच एक अंग झाले आहे. आषाढी एकादशीचा येथील विठ्ठलाचा रथोत्सव साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. या उत्सवाच्या तिथीशी जैन पंचांगाचा एक गमतीदार योग जुळतो. ज्या दिवसांत वारकरी पायी चालून पंढरीस पोहोचतात, त्याच दिवसांत जैन साधू-साध्वी आपला विहार थांबवतात. आषाढ शुद्ध चतुर्दशीस चातुर्मास बसतो आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत पायी यात्रा, संघ, विहार सारे बंद राहते. पावसाळ्यात भूमीवर जीवोत्पत्ती अपार असते, म्हणून चालणे वर्ज्य. आणि त्याच कारणाने डब्यातील अन्नाचे आयुष्यही त्या काळात सर्वांत कमी मानले गेले. पाय आणि शिदोरी हे दोन्ही एकाच नियमाने बांधलेले आहेत.

हा नियम नेमका काय आहे, ते नव्या पिढीसाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत मिठाई, फरसाण, खाखरा यांसारख्या कोरड्या पदार्थांचा ‘काळ’ ऋतूप्रमाणे ठरलेला आहे. कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपर्यंत ३० दिवस, तेथून आषाढ शुद्ध चतुर्दशीपर्यंत २० दिवस, आणि चातुर्मासात केवळ १५ दिवस. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची व मसाल्यांची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस व पावसाळ्यात ३ दिवस अशी आहे. पोळी, भात, वरण यांसारखे ओलसर अन्न तर रात्र ओलांडली की वासी ठरते आणि अभक्ष्यात जाते. शिवाय या साऱ्या मुदती म्हणजे कमाल सीमा होत. त्याआधीच पदार्थाचा रंग, गंध, चव किंवा स्पर्श बदलला तर तो ‘चलित रस’ म्हणून त्याज्य होतो. म्हणजे दिवस मोजायचेच, पण नाक आणि जीभही जागी ठेवायची.

उकळलेल्या पाण्याचा हिशेब तर याहून सूक्ष्म आहे. श्वेतांबर परंपरेनुसार ते चातुर्मासात ३ प्रहर, हिवाळ्यात ४ प्रहर आणि उन्हाळ्यात ५ प्रहर अचित्त राहते. उन्हाळ्यात सर्वांत जास्त आणि पावसाळ्यात सर्वांत कमी का, असा प्रश्न अनेकांना पडतो. कारण उष्णतेने अन्न लवकर बिघडते हा आपला नित्याचा अनुभव. परंतु येथे विचार आहे तो दमटपणाचा. खानदेशच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हवा इतकी कोरडी असते की ओले फडके पाहता पाहता वाळते. आजचे अन्नशास्त्रही हेच सांगते की बुरशी व जंतू वाढण्यास पदार्थातील उपलब्ध ओलावा हा उष्णतेइतकाच, किंबहुना कोरड्या पदार्थांच्या बाबतीत अधिक निर्णायक असतो. बुरशी ही जैन विचारात अनंतकाय, म्हणजे एका देहात अनंत जीव असलेली. दमट शेंगदाण्यावर वा धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिनसारखी घातक विषे निर्माण होतात हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. नियम करणाऱ्यांच्या मनात अहिंसा होती. त्यातून खाणाऱ्याच्या पोटाचेही रक्षण झाले.

आता या मर्यादा प्रत्यक्ष वाटेवर कशा लागू होत, ते पाहावे. पिंप्राळ्याहून श्री मांगी-तुंगी सिद्धक्षेत्रास जायचे, तर पश्चिमेस बांभोरीजवळ गिरणा ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे, कुसुंबा, नेर, साक्री, पिंपळनेर, ताहराबाद असा मार्ग आहे. अंतर सुमारे २०० किलोमीटर. बैलगाडीसह पायी दिवसाला सात कोस धरले, तर नऊ दिवसांचा पल्ला. निघण्याच्या दिवशी घरी दळलेले पीठ बरोबर घेतले, तर हिवाळ्यातील ७ दिवसांची मर्यादा साक्रीच्या आसपास संपते. उन्हाळ्यात ते धुळे ओलांडून कुसुंब्यापर्यंतच पुरते, आणि पावसाळ्यात तर पारोळ्याच्या थोडे पुढे जाताच टाकून द्यावे लागले असते. तीर्थ तर अजून दूरच. म्हणजे नुसते पीठ बांधून निघणाऱ्या संघाला शास्त्र सांभाळून मांगी-तुंगीस पोहोचणे शक्यच नव्हते.

यावर उपाय एकच : पीठ न नेता धान्य न्यायचे आणि सोबत जाते न्यायचे. अखंड गहू, ज्वारी, बाजरी, मूग हे नीट वाळवले तर महिनोन् महिने टिकते. परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. अखंड धान्य पेरले असता उगवते, म्हणून ते सचित्त. आणि पायी संघाच्या सहा नियमांपैकी, ज्यांस ‘छ’री’ म्हणतात, एक नियम आहे ‘सचित्त परिहारी’. पादचारी, एकल आहारी, भूमिसंथारी, ब्रह्मचारी, आवश्यककारी आणि सचित्त परिहारी, असे ते सहा ‘री’कार होत. कच्चे फळ, कच्चे पाणी, कच्चे धान्य यांतील काहीही यात्रेकरूने मुखात घालायचे नाही. जे टिकते ते कच्चे, आणि जे खाता येते ते टिकत नाही, असा हा पेच होता. शिधा आणि शिदोरी या दोन शब्दांतला भेद येथे स्पष्ट होतो. शिधा म्हणजे कोरे धान्य-डाळ. शिदोरी म्हणजे शिजवून, भाजून सिद्ध केलेले अन्न. संघाच्या गाडीत शिधा असे, यात्रेकरूच्या पडशीत शिदोरी असे, आणि दोहोंच्या मधला सांधा रोजच्या मुक्कामावरचे स्वयंपाकघर जुळवीत असे.

हे स्वयंपाकघर संघाच्या पुढे चाले. रात्री चूल पेटवायची नाही, अंधारात दळायचे नाही. दिवस उजाडल्यावर जाते पुसून, जीव-जंतू पाहून मगच घास घालायचा. पाणी जाड गाळण्यातून गाळायचे, गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडायचे, आणि तीन उकळ्या आणलेले पाणी पसरट परातींत निववायचे. संघ माध्यान्हाला पोहोचला की एकाशन, आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. ज्यांनी डिसेंबरच्या लहान दिवसांत वीस-बावीस किलोमीटर चालून हा क्रम पाळून पाहिला आहे, त्यांनाच त्यातील धावपळ कळेल.

ओझ्याचा हिशेबही सोपा नव्हता. पन्नास माणसांचा लहानसा संघ धरला आणि माणशी दिवसाला धान्य, डाळ, तूप, गूळ मिळून पाऊण किलो धरले, तरी जाण्या-येण्याच्या अठरा दिवसांस पावणेसात क्विंटल शिधा लागतो. कच्च्या रस्त्याने आणि नदी-नाल्यांच्या उतारांतून एवढे वजन, वर भांडी, जाते आणि राहुट्या, म्हणजे एका गाडीचे काम नव्हे. म्हणून पहिल्या टप्प्याचा शिधा घरून आणि पुढचा एरंडोल, पारोळा, धुळे अशा बाजारपेठांच्या गावी घ्यायचा, हेच व्यवहार्य. त्या त्या गावचा संघ साधर्मिक भक्ती म्हणून एखादा मुक्काम आपल्याकडे घेई, तो भार आणखी हलका करी. कोठार सांभाळणारा तो कोठारी, भांडार पाहणारा तो भंडारी. ओसवालांतील ही आडनावे या कामाची प्रतिष्ठा अजून सांगत आहेत.

खानदेशातील बहुसंख्य ओसवाल कुटुंबांचे पूर्वज मारवाडातून आले. रेल्वे नव्हती तेव्हा हा प्रवासच मुळी कित्येक आठवड्यांचा होता आणि त्याची शिदोरी वाळवंटाने आधीच शिकवून ठेवली होती. केर, सांगरी, कुमटी या वाळवलेल्या भाज्या, मुगाच्या मंगोड्या, राबोडी, पापड, बेसनाचे गट्टे. पर्वतिथीस हिरवी भाजी वर्ज्य असल्याने हे पदार्थ घरात असतच. प्रवासात ते अधिकच उपयोगी पडत. कणकेत तूप घालून गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेली बाटी ही तर भांड्यावाचून होणारी भाकर. खानदेशाच्या वरण-बट्टीकडे पाहिले की ही दोन्ही अन्ने एका कुळातली वाटतात. भरिताच्या वांग्याशी मात्र सूत जुळू शकले नाही. वांगे बहुबीज, म्हणून अभक्ष्य. साऱ्या महाराष्ट्रात ज्या भरितासाठी जळगावचे नाव घेतले जाते, ते येथील व्रतस्थ जैनाने कधी चाखलेलेच नसते! त्याची भरपाई रावेर-यावलच्या केळीने केली. बटाटा कंदमूळ म्हणून वर्ज्य, तेथे कच्चे केळे आले. घडावरून उतरवलेली हिरवी केळी सावलीत, हवेशीर टोपलीत चार-सहा दिवस सहज तग धरतात, म्हणून तिथी सोडून इतर दिवशी ती गाडीतली ताजी भाजी ठरते.

शिदोरीच्या भरणीचे स्वतंत्र तंत्र होते. धान्यात कीड पडल्यावर ते उन्हात टाकणे म्हणजे हिंसा. म्हणून सारा भर कीड पडूच नये यावर. धान्य निवडून, कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच गोणीत भरायचे. गरम भरले तर आत घाम सुटतो. डाळींना व गव्हाला एरंडेलाचा हात लावायचा. खाखरा मंद आचेवर दाबून दाबून इतका कोरडा करायचा की मोडला तर आवाज व्हावा. नरम राहिला तर तो पोळीच्या वर्गात जातो आणि दुसऱ्या दिवशी वासी ठरतो. कैरीचे लोणचे न्यायचे तर फोडी तीन दिवस उन्हात कडक वाळवून मगच तेलात घालायच्या. ओलसर फोडींचे लोणचे बावीस अभक्ष्यांत मोडते. आयंबिलाचा खाखरा सर्वांत उत्तम प्रवासी, कारण त्यात तेल-तूप नाही आणि म्हणून तो खवट होण्याचा प्रश्नच नाही. डब्यात ओला हात घालायचा नाही, आणि जुन्या डब्यातला उरलेला चुरा नव्या भरणीत मिसळायचा नाही, हे दोन नियम तर घरोघरी मुलींना लहानपणीच सांगितले जात.

येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. संघपतीस तीर्थमाळ मिळे, त्याचे नाव पाटीवर कोरले जाई. ज्या स्त्रियांनी आठ-आठ दिवस आधीपासून चुलीपुढे बसून खाखरे शेकले, मूग भाजले, तिथी मोजून डबे भरले, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. मर्यादेचे हे सारे शास्त्र ग्रंथांत असले, तरी ते जिवंत राहिले त्यांच्या बोटांवरच्या मोजणीत. आपल्या इतिहासलेखनातील ही उणीव लहान नाही.

शिदोरीच्या या विश्वात साधू-साध्वींचे स्थान सर्वस्वी निराळे. ते काहीच बरोबर घेत नाहीत. गोचरीत मिळालेले अन्न रात्रभर ठेवणे त्यांना निषिद्ध आहे. आगमानुसार पहिल्या प्रहरात घेतलेला आहार चौथ्या प्रहरात चालत नाही आणि दोन कोसांपलीकडे तो नेता येत नाही. त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या किंवा साक्रीच्या पलीकडच्या विरळ वस्तीत विहार करणे म्हणजे नित्याची परीक्षा. तेथे शेजारच्या गावच्या श्रावकांनी सेवेस जाणे, वाटेवर विहारधाम उभारणे ही व्यवस्था पुढे आली.

आगगाडी आली आणि हिशेब बदलला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० च्या दशकात खानदेशात पोहोचली. पुढे १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने अमळनेर-सुरत जोडले गेले आणि जळगावकरांना गुजरातची वाट थेट खुली झाली. श्री शत्रुंजयाची यात्रा महिन्यांवरून दिवसांवर आली. जाते घरी राहिले, पितळी डबे गाडीत चढले. गाठोड्यात खाखरे, सुखडी, भाजलेले चणे-मूग, आणि सोबत उकळलेल्या पाण्याची कळशी. पालिताण्यास पोहोचल्यावर मात्र शिदोरी धर्मशाळेतच ठेवायची. गिरिराजावर खाणे निषिद्ध. साडेतीन हजारांवर पायऱ्या चढून-उतरून आल्यावर तळेटीस यात्रेकरूंना ‘भाथुं’ दिले जाते. हा शब्दच मुळी वाटेच्या शिदोरीचा आहे. पालिताणा दरबाराशी यात्राकराचा वाद झाला तेव्हा १९२६ ते १९२८ अशी दोन वर्षे श्वेतांबर समाजाने ही यात्राच बंद ठेवली होती. त्या काळात शत्रुंजयासाठी घरोघरचे डबे भरले गेले नाहीत.

आज रेल्वेत जैन भोजन मागवता येते, बसयात्रेसोबत स्वयंपाकी असतो. धुळे जिल्ह्यातील बळसाणे येथील श्री विमलनाथ तीर्थास सकाळी निघून सायंकाळी परत येता येते. मांगी-तुंगीस श्री ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा २०१६ मध्ये झाली, तेव्हापासून तेथील वाटही अधिक गजबजली. परंतु पायी संघ थांबलेले नाहीत. आणि एक नवाच यात्रेकरू निर्माण झाला आहे : पाठीवर पिशवी घेऊन जवळच्याच साल्हेर किल्ल्यावर दोन-तीन दिवस मुक्काम ठोकणारा तरुण. त्याच्यापुढे प्रश्न तोच आहे. शीतपेटी नाही, ओझे कमी हवे, अन्न बिघडता कामा नये, आणि कंदमूळ व रात्रिभोजन टाळायचे आहे. ओले थेपले पहिल्या दिवसापुरते, पुढच्या दिवसांस खाखरा, भाजलेले मूग, कुरमुरे. मुगाची डाळ व तांदूळ कोरे बांधून नेऊन मुक्कामी दिवसाउजेडी खिचडी, आणि गाळून उकळलेले पाणी. यातील एकही वस्तू त्याच्या पणजीला अपरिचित वाटली नसती.

अपरिचित वाटली असती ती वेष्टनावरची तारीख. बाजारात ‘जैन’ असे छापलेले खाखऱ्याचे पुडे मिळतात आणि त्यांवर कित्येक महिन्यांची मुदत असते. हवाबंद वेष्टन, निर्जल भाजणी यांमुळे ती मुदत आरोग्याच्या दृष्टीने खोटी नाही. पण त्या मुदतीत पंचांग नाही. चातुर्मासात आणि मार्गशीर्षात ती सारखीच. ती पाळावी की १५, २०, ३० दिवसांची, हा प्रश्न प्रत्येक घरात निराळ्या रीतीने सुटतो आहे. काही घरांत अजूनही विकतचा पुडा फोडला की खाखरे डब्यात काढतात आणि डब्याच्या झाकणावर त्या दिवसाची तिथी पेन्सिलीने लिहितात. कार्तिक पौर्णिमेच्या आदल्या रात्री हे डबे तपासले जातात, मुदत संपलेले बाजूला काढले जातात. सकाळी उन्हे चढली की अंगणात गहू पसरला जातो.